ल्युसर्नमध्ये एकट्याने एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुप टूरमधून स्वित्झर्लंडला गेलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ल्युसर्न जेमतेम दीड तास येतं. सिंहासमोर एक फोटो, लाकडी पुलावर एक फोटो, उरलेला सगळा वेळ घड्याळांच्या दुकानात, आणि मग टिट्लिसच्या डोंगराकडे जाणारी बस. आईबाबांबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा मीही तेवढंच पाहिलं. दुसऱ्या वेळी झ्युरिकमधलं ऑफिसचं काम आटोपून एकटी गेले, शुक्रवारी दुपारी उतरले आणि शनिवारी संध्याकाळी निघाले. त्यानंतर ओळखीपाळखीतून फोन येत राहिले: "मिलानहून झ्युरिकला जाताना मध्ये चार तास मिळतायत, उतरू का?" प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

नक्की किती वेळ हातात असला तर उतरावं?

तीन तास असले तरी उतरा. स्टेशन तळ्याच्या काठावरच आहे. दाराबाहेर आलात की समोर पाणी, डावीकडे पाच मिनिटांवर लाकडी पूल. गावाबाहेरच्या स्टेशनावर उतरून बस शोधा, हा प्रकार इथे नाही. पाच तास असतील तर जुनं शहर आरामात पायी होतं. एक रात्र असेल तर उत्तम, कारण संध्याकाळी सहा-सातनंतर टूरच्या बसगाड्या निघून जातात आणि पूल, घाट, चौक गावकऱ्यांना परत मिळतात.

दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मात्र गाडीतच बसा. धावपळ करून पाहिलेलं ल्युसर्न मला माहीत आहे, त्यातलं आईने घेतलेलं फ्रिजचं मॅग्नेट तेवढं लक्षात राहिलं.

झ्युरिकहून कसं जायचं? आणि लांबच्या तिकिटावर मध्ये उतरता येतं का?

झ्युरिकच्या मुख्य स्टेशनावरून पाऊण-एक तास, विमानतळावरून सव्वा तासाच्या आसपास. बर्नहूनही साधारण तासभरच. मिलानहून येणाऱ्या गाड्या ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यातून येतात, तिथून येताना बहुधा आर्थ-गोल्डाऊला गाडी बदलावी लागते.

स्विस रेल्वेच्या साध्या तिकिटावर वाटेत उतरून, फिरून, पुढच्या गाडीने जाता येतं. तिकिटाची मुदत आणि त्यावरचा मार्ग मात्र पाळायचा. म्हणजे ल्युसर्नमार्गे तिकीट काढलं असेल तर इथे उतरायला वेगळे पैसे नाहीत. पण 'सुपरसेव्हर' नावाचं सवलतीचं तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच असतं, त्यावर हा खेळ चालत नाही. लोक स्वस्त म्हणून तेच काढतात आणि मग मला विचारतात.

स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा ठरावीक दिवसांचा प्रवासाचा पास, असेल तर हा विचारच करायला नको. एका दिवसापुरतं येणार असाल तर मात्र पासच्या नादी लागू नका, सुटी तिकिटं नाहीतर आगाऊ काढलेला 'सेव्हर डे पास' यांचा हिशेब आधी मांडून बघा. तो डे पास जितका लवकर काढाल तितका स्वस्त.

ल्युसर्न, लुत्सर्न, लुझर्न: खरं नाव कोणतं?

जर्मनमध्ये 'लुत्सेर्न'. गाडीत घोषणा तशीच होते, म्हणून कान त्या उच्चाराला तयार ठेवा. ल्युसर्न हे आपल्याकडे इंग्रजीतून आलेलं रूप. तळ्याचं जर्मन नाव आणखी लांब, 'फिअरवाल्डश्टेटरझे', म्हणजे चार रानवट परगण्यांचं तळं: उरी, श्वित्स, उंटरवाल्डन आणि खुद्द ल्युसर्न. गावात मात्र सगळे 'झे' म्हणजे 'तळं' म्हणूनच भागवतात. आपण नाही का 'तळ्यात गेलो' म्हणत, तसंच.

इटलीचा व्हिसा आहे, तो चालेल का? सिंगल एंट्री आहे.

चालेल. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण २००८पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे इटलीतून इथे येणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं नव्हे, आणि तुमची एंट्री वाया जात नाही. सीमेवर कस्टम्सवाले गाडीत चढू शकतात, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

सामानाचं काय करायचं?

स्टेशनाच्या तळघरात लॉकर आहेत, लहान-मोठ्या आकाराचे. उन्हाळ्यातल्या शनिवारी मोठे लॉकर लवकर भरतात. एकट्याने फिरताना हाच एक प्रश्न खरा. 'जरा बॅगेकडे बघ हं' म्हणायला बरोबर कोणी नसतं. लॉकरची पावती किंवा कोड आला की लगेच त्याचा फोटो काढून ठेवा. माझी पावती कोटाच्या खिशातून निघून एका पुस्तकाच्या पानात जाऊन बसली होती, आणि स्टेशनाच्या फरशीवर बॅग उपसत बसले होते मी.

पाच तासांत पायी कुठून कुठे जावं?

मी गेले तो रस्ता सांगते. एकूण चार-पाच किलोमीटर भरेल, मधला एक चढ सोडला तर सपाट.

स्टेशनाबाहेर आलात की चौकात एक भली मोठी दगडी कमान एकटीच उभी दिसेल. हे जुन्या स्टेशनाचं दार. ते स्टेशन ५ फेब्रुवारी १९७१ रोजी जळलं. आताच्या इमारतीची दर्शनी बाजू सांतियागो कालात्रावा यांनी उभारली. उजवीकडे ज्याँ नुव्हेल यांचं केकेएल हे संगीत सभागृह. त्यांना इमारत तळ्यात शिरवायची होती, परवानगी मिळाली नाही, मग त्यांनी तळ्याचं पाणीच कालव्यांनी इमारतीत आणलं. छप्पर काठाबाहेर इतकं लांब झुकलंय की पावसात त्याच्याखाली बिनपैशाचा आडोसा मिळतो.

मग लाकडी पुलावरून पलीकडे जा. मंगळवारी किंवा शनिवारी सकाळी गेलात तर नदीकाठच्या कमानींखाली बाजार भरलेला असतो: चीज, फुलं, पाव, ऋतूप्रमाणे चेरी नाहीतर भोपळे. तिथून पादचारी पुलाने परत अलीकडे या आणि जेसुइट चर्चमध्ये डोकवा. सतराव्या शतकातलं आहे, आतून गुलाबी-पांढरं, लग्नाच्या केकसारखं. खाली नदीत लाकडी दांड्यांची रांग उभी दिसेल. ते १८५९-६०मध्ये बांधलेलं धरण. अजूनही माणसं हातांनी दांडे काढून-घालून तळ्याची पातळी सांभाळतात. मी तिथे अर्धा तास उभी होते. रॉइस नदीचं पाणी तिथे इतकं हिरवं आणि इतकं घाईत असतं की नजर हलत नाही.

मग दुसरा लाकडी पूल, श्प्रॉयरब्र्युके, त्याच्याबद्दल पुढे लिहिते. तो ओलांडून चढ चढलात की तटबंदी लागते. तिला मुसेगची भिंत म्हणतात. नऊ बुरूज आहेत, त्यातले काही आतून वर चढता येतात, फुकट. हिवाळ्यात मात्र बंद. घड्याळाच्या बुरुजावरचं यंत्र १५३५ सालचं. गावातल्या सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोल देण्याचा मान त्याला आहे. तासाला पाच मिनिटं कमी असताना तिथे पोहोचा. आधी हे एकटं वाजतं, मग मिनिटभराने खाली सगळं गाव वाजायला लागतं.

भिंतीवरून उतरून सिंह, मग दोन टोकदार मनोऱ्यांचं होफकिर्षे हे चर्च, आणि काठाकाठाने स्टेशन.

लाकडी पूल तर जळला होता ना? मग बघायचं ते काय, नवीन बांधलेलं?

हा प्रश्न मला आवडतो. कापेलब्र्युके, म्हणजे चॅपलचा पूल, मूळचा चौदाव्या शतकातला. १८ ऑगस्ट १९९३च्या पहाटे तो जळाला, पुलाखाली बांधलेल्या एका होडीतून आग लागली. आतल्या त्रिकोणी चित्रफळ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश गेल्या. गावाने आठ महिन्यांत पूल पुन्हा उभा केला, १९९४च्या एप्रिलमध्ये लोक त्यावरून चालायला लागले.

चित्रं मात्र परत येत नाहीत. सतराव्या शतकात हान्स हाइनरिष वेगमान यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रंगवलेली ती होती, गावाचा इतिहास आणि गावाच्या रक्षक संतांच्या कथा. आपल्याकडच्या देवळाच्या लाकडी सभामंडपात रंगवलेल्या पट्ट्या असतात ना, तशीच कल्पना, वर बघत चालायचं आणि गोष्ट पुढे सरकायची. टोकांना मूळ चित्रं दिसतात, मधल्या भागात छपराच्या तुळयांखाली मोकळ्या जागा आहेत. नक्कल करून त्या भरल्या नाहीत, हे मला फार पटलं. नव्या-जुन्या लाकडाच्या रंगातला फरकही नीट पाहिला तर कळतो.

शेजारचा आठकोनी दगडी मनोरा पुलाहूनही जुना. तुरुंग, खजिना, छळाची कोठडी, सगळं होऊन गेलंय तिथे. पोस्टकार्डावर मात्र गोंडस दिसतो.

वेळ कमी असेल तर माझा सल्ला जरा वाकडा आहे: या पुलावर पाच मिनिटं आणि श्प्रॉयरब्र्युकेवर वीस मिनिटं द्या. 'श्प्रॉय' म्हणजे कोंडा, तूस. जवळच्या गिरण्यांचा कोंडा नदीत टाकायची मुभा फक्त या पुलावरून होती, कारण तो प्रवाहाच्या खालच्या अंगाला. छपरात कास्पार मेग्लिंगर यांनी १६२६ ते १६३५ या काळात रंगवलेला मृत्यूचा नाच आहे. सांगाडा नवरीचा हात धरतो, व्यापाऱ्याच्या दुकानी येतो, धर्मगुरूलाही सोडत नाही. खाली पाणी गर्जत असतं, आणि गर्दी जवळजवळ नाही. एकटीने बघायला थोडं भीतीदायक आहे, आणि मजाही तीच.

सिंहाचं स्मारक खरंच इतकं काही आहे का?

आहे, पण सकाळी आठला. दुपारी सेल्फी-स्टिकांच्या रानात तो बिचारा अजूनच दमलेला वाटतो.

१० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये तुइलरी राजवाड्यावर जमाव चालून आला, तेव्हा फ्रेंच राजाच्या चाकरीतले शेकडो स्विस शिपाई मारले गेले. त्यांच्यासाठी डॅनिश शिल्पकार बेर्टेल थोरवाल्डसेन यांनी आराखडा केला आणि लुकास आहोर्न यांनी १८२०-२१मध्ये तो कड्यात कोरला. सिंह दहा मीटर लांब आहे. पाठीत भाला मोडलेला, पंजाखाली फ्रेंच राजघराण्याची ढाल. भाड्याने लढायला गेलेल्या पोरांचं हे स्मारक आहे. दुसऱ्या राजासाठी परमुलखात लढणं हा कित्येक शतकं इथला रोजगार होता, हे डोक्यात ठेवून पाहिलं तर सिंहाचा चेहरा वेगळा दिसतो. कोनाड्याची कड डुकराच्या आकाराची आहे, शिल्पकाराने तसा सूड उगवला, ही गावातली गप्पा. आकार बघा, तुमचं तुम्ही ठरवा.

शेजारी ग्लेशियर गार्डन आहे. १८७२मध्ये तळघर खणताना हिमनदीच्या पाण्याने दगडात कोरलेले प्रचंड रांजणखळगे सापडले, ते तिथे बघायला मिळतात. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल, फरक इतकाच की इथे पाणी बर्फाखालून वाहत होतं.

एका दिवसात पिलाटस, रिगी की टिट्लिस?

चार-पाच तासांचा थांबा असेल तर एकही नाही. यावर माझ्याशी पुष्कळ जण भांडतात. 'एवढं स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर नाही?' अहो, डोंगराला जाऊन-येऊन तेवढाच वेळ लागतो, मग ल्युसर्नला थांबलात कुठे?

रात्र काढणार असाल तर दुसऱ्या दिवशी एकच निवडा, आणि निवड आदल्या दिवशी करू नका. सकाळी उठून शिखरांवरचे वेबकॅम बघा. खाली निरभ्र आणि वर धुकं, किंवा त्याच्या उलटही असतं. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात तळं कित्येकदा राखाडी गोधडीखाली असतं, आणि वर ऊन पडलेलं.

गावाच्या डोक्यावर उभा आहे तो पिलाटस, २१२८ मीटर. आल्पनाखश्टाटहून वर जाणारी दातेरी रुळाची गाडी १८८९पासून चालते. तिचा सर्वांत तीव्र चढ ४८ टक्के, जगातल्या दातेरी रेल्वेंमध्ये सगळ्यात उभा. ती हिवाळ्यात बंद असते, तेव्हा क्रिन्सहून रोपवेने जायचं. जुन्या काळी लोक मानत की येशूला सुळी देणाऱ्या पिलाताचा आत्मा वरच्या तळ्यात आहे, त्याला डिवचलं तर वादळ येतं. म्हणून वर जायलाच बंदी होती, आणि १३८७मध्ये बंदी मोडणाऱ्या सहा धर्मगुरूंना कोठडी मिळाली. गावकऱ्यांचा पावसाचा आडाखाही याच डोंगरावर: डोंगराने ढगाची टोपी घातली तर हवा चांगली, आडवी तलवार धरली तर पाऊस.

रिगी १७९८ मीटर, सौम्य, कुरणांचा. फित्सनाऊहून वर जाणारी रेल्वे १८७१ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. बोटीने फित्सनाऊ, रेल्वेने वर, हा प्रवास एकट्याला फार छान पडतो. स्विस ट्रॅव्हल पासवर रिगी पूर्ण मोफत आहे, पिलाटस आणि टिट्लिसला अर्धी सवलत. पासवाल्यांसाठी प्रश्न इथेच मिटला.

टिट्लिसला बारमाही बर्फ आहे. एंगेलबर्गपर्यंत पाऊण तास गाडी, मग रोपवे, त्यातला शेवटचा टप्पा गोल फिरणाऱ्या डब्याचा. वरचं स्थानक ३०२० मीटरवर, आणि ल्युसर्न साधारण ४३५ मीटरवर. इतक्या भरभर वर गेल्यावर डोकं हलकं होतं, एकटे असाल तर वर पळापळ करू नका. आपली मंडळी इथे इतकी भेटतात की 'अगं बाई, टोपी घाल' हे वाक्य मी बर्फात ऐकलंय.

बोटीत बसावं का?

हो, डोंगर सोडला तरी बोट सोडू नका. वेग्गिसपर्यंत पाऊण तास, तिथे काठावर चहा किंवा कॉफी, पुढच्या बोटीने परत. वेळापत्रकात वाफेच्या बोटीची खूण शोधा. उरी (१९०१), उंटरवाल्डन (१९०२), शिलर (१९०६), गालिया (१९१३) आणि श्टाट लुत्सेर्न (१९२८) अशा पाच जुन्या बोटी अजून चाकांनी पाणी कापतात. आतलं इंजिन उघडं दिसतं, पितळ चकचकीत पुसलेलं, आणि कठड्याला टेकून उभी असलेली माणसं तळ्याकडे पाठ करून तेच बघत असतात. स्विस ट्रॅव्हल पासवर बोट मोफत. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात.

काठावर नारिंगी दिवा लुकलुकताना दिसला तर ती वाऱ्याची सूचना. मिनिटाला ४० वेळा म्हणजे जपून, ९० वेळा म्हणजे वादळ येतंय. मोठ्या बोटींना सहसा अडचण नसते, पण भाड्याची पेडल-बोट घेतली असेल तर मुकाट्याने काठाला या. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा 'फ्योन' वारा गरम असतो. तो सुटला की डोंगर हात लावता येईल इतके जवळ दिसतात, आणि बऱ्याच जणांचं डोकं दुखतं.

पाऊस लागला तर?

लागतोच. मुंबईसारखा कोसळत नाही, रिपरिप करतो. वाहतुकीचं संग्रहालय, फेअरकेअर्सहाउस, याला अर्धा दिवस सहज जातो: वाफेची इंजिनं, विमानं, रोपवेचे जुने डबे. चित्रांची आवड असेल तर रोझेनगार्ट संग्रह, पिकासो आणि पाउल क्ले. दोन्ही पूल छपराचे आहेत, हे विसरू नका.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. र्योश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा कुरकुरीत थर, हे आपल्या जिभेला लगेच पटतं, पण काही ठिकाणी त्यात बेकनचे तुकडे असतात. आल्प्लरमाग्रोनन म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. तिथेही बेकनचं विचारा. 'ओने फ्लाइश', म्हणजे मांस नको, एवढे दोन शब्द पाठ करा. चीज फोंड्यूमध्ये वाइन असते. आणि पारंपरिक स्विस चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, कडक पाळणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं. ल्युसर्नची खास डिश ख्युगेलीपाश्टेटे, ती मांसाची, आपली नव्हे. त्याऐवजी बेकरीतून बिरेवेग्गे घ्या: सुकवलेल्या नाशपातीचं सारण भरलेली गुंडाळी. आजीच्या सांज्याच्या पोळीची लांबची बहीण.

स्वस्तात भागवायचं तर कोप आणि मिग्रो या सुपरमार्केटमधून सॅलड, पाव, दही, फळं घ्या आणि काठावरच्या बाकावर बसा. निम्मं गाव दुपारी हेच करतं. मिग्रोमध्ये दारू मिळत नाही, हे कोणाला उपयोगी असेल तर असो.

घरून न्यायचं तर चिवडा, भडंग, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपियन युनियनबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. रिवेला नावाचं तिथलं लाडकं पेय मात्र चाखा, ते चीज करताना उरलेल्या निवळीपासून बनतं. पहिला घोट विचित्र, तिसरा बरा.

एकटीने रेस्टॉरंटमध्ये बसायला अवघड वाटतं.

मलाही वाटायचं. तिथे कोणी ढुंकून बघत नाही. शिरताना 'ग्रुएत्सी' म्हणायचं, निघताना 'मेर्सी', आणि आधी जागा विचारायची. एक टेबल मात्र टाळा: 'श्टामटिश' अशी पाटी असलेलं. ते रोजच्या गिऱ्हाइकांचं. एकटं टेबल दिसलं म्हणून मी तिथे ऐटीत जाऊन बसले. चार आजोबा आले, उभे राहिले, काहीच बोलले नाहीत. शेवटी मीच उठले.

टीप सक्तीची नाही, सेवा बिलातच धरलेली असते. वर-खाली आकडा असेल तर पूर्ण करून देतात, एवढंच.

पैसे किती जातील आणि कसे न्यावेत?

महाग आहे, रडू नका, ठरवून जा. कॉफीला पाच फ्रँकच्या आसपास, साध्या हॉटेलातल्या जेवणाला पंचवीसपासून पुढे. पाण्यावर एक पैसा घालवू नका. चौकाचौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असली तरच सोडा.

कार्ड सगळीकडे चालतं. फॉरेक्स कार्डात युरो नव्हे, स्विस फ्रँक भरा. मशीनने 'रुपयांत द्यायचे का?' विचारलं तर नाही म्हणा, तो भाव नेहमी वाईट असतो. थोडी चिल्लर ठेवा, स्टेशनातल्या शौचालयाला पैसे पडतात.

रविवारी गेलं तर सगळं बंद असतं का?

दुकानं बंद. स्टेशनातली उघडी. बोटी, डोंगर, संग्रहालयं चालू. खरेदीसाठी जाणार नसाल तर रविवार उलट चांगला.

सिमकार्ड, चार्जर?

'युरोप'च्या सिममध्ये स्वित्झर्लंड आहे का ते आधी वाचा. युरोपियन युनियनचं मोफत रोमिंग इथे लागू नाही, सीमा ओलांडताच बिल चढतं.

मोबाइल चार्जरची आपली बारीक दोन पिनांची प्लग बहुधा बसते. लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही, आणि जर्मनी-फ्रान्ससाठी घेतलेला जाड गोल अ‍ॅडाप्टरही बसत नाही, कारण स्विस सॉकेट षटकोनी खाचेत असतं. स्विस अ‍ॅडाप्टर वेगळा मागा.

एकट्या बाईसाठी सुरक्षित आहे का?

रात्री दहाला मी काठाने चालत हॉटेलात गेले, कुत्री फिरवणारी माणसं आणि झोपलेले हंस एवढेच भेटले. स्टेशन आणि पुलावरच्या गर्दीत पाकीटमार असतात, तेवढं सांभाळा. पोलीस ११७, रुग्णवाहिका १४४, किंवा कुठूनही ११२. पावसाने भिजलेले पुलाजवळचे दगड आणि वेळेआधी सुटलेली शेवटची रोपवे, खरा धोका या दोन गोष्टींचा. डोंगरावर शेवटच्या फेरीची वेळ पोहोचताक्षणी बघा.

रात्र कुठे काढावी?

स्टेशन आणि जुनं शहर यांच्या मध्ये कुठेही. एकेकाळचा तुरुंग होता, त्याचं हॉटेल झालंय, कोठडीत झोपायची हौस असेल तर तेही आहे. मुक्काम केलात की व्हिजिटर कार्ड मिळतं, त्यावर शहरातली बस फुकट. ते मागून घ्या.

तळ्यात पोहता येतं?

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं गाव पाण्यात असतं. उफश्योटी हा काठ स्टेशनापासून चालत जाण्याजोगा आणि फुकट आहे. कपडे-फोन काठावर एकटे ठेवून जायला मन धजत नसेल तर लॉकर असलेल्या स्नानगृहात जा. मी फक्त पाय सोडून बसले होते, जूनमध्ये. पाच मिनिटांत पोटऱ्या बधिर.

कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून आणि सप्टेंबर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संगीत महोत्सव असतो, १९३८पासूनचा, तेव्हा खोल्या महागतात. फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल असतो, तो गुरुवारी पहाटे पाचला मोठ्या धडाक्याने सुरू होतो. त्या दिवसांत शांत थांब्याची आशा सोडा, ढोल-ताशाची सवय असेल तर मात्र जरूर जा.

तिथून पुढे इंटरलाकेनला जायचंय. खिडकी कोणत्या बाजूची?

ल्युसर्नहून निघताना उजवी. आधी सार्ननची आणि लुंगर्नची तळी त्या बाजूला येतात. मेरिंगेनला गाडी तोंड फिरवते, तेव्हा लोक उठून जागा बदलायला लागतात. तुम्ही हलू नका. ब्रिएन्झचं तळं तुमच्याच खिडकीत येतं.

झ्युरिकची गाडी चुकली तर?

अर्ध्या तासाने दुसरी असते. माझी चुकली होती, शनिवारी, लॉकरच्या त्या पावतीपायी. बाजारातून घेतलेल्या चेरी उरल्या होत्या, त्या कमानीच्या पायथ्याशी बसून संपवल्या.